केर टाकायला शिकताना

घरामागच्या रानात कालपासून थ्रेशर सुरू झालं आहे. सकाळचं दव उडेपर्यंत ते गप्प असतं. ऊन तापलं की त्याची घरघर सुरू होते ती दिवस कलेपर्यंत. कापून रचलेल्या सोयाबीनच्या सुड्या एकेक करून त्याच्या तोंडात जातात, एका बाजूनं दाणे पडतात, दुसऱ्या बाजूनं कुटाराचा, म्हणजे भुशाचा, फवारा धुरासारखा वर उठतो. वारा तिकडून असला की ती सगळी धूळ आमच्याकडं येते. तुळशीवर, दोरीवरच्या कपड्यांवर, माठावरच्या ताटलीवर, जिभेवरसुद्धा. वाळल्या शेंगांचा कडवट वास असतो तिला. वाशीमच्या माणसांना या वासानं दिवाळी जवळ आल्यासारखं वाटतं. मी उठून खिडक्या लावून घेते.

मी दोन जुन्या चादरी बादलीत बुडवते, पिळते आणि मागच्या खिडक्यांना बांधते. तासाभरात त्या वाळतात, परत बुडवते. पाण्याचा रंग बदलत जातो. आत खुर्चीवर मालक बसलेले असतात. आमच्या माणदेशात नवऱ्याला मालक म्हणतात. इथं पहिल्यांदा मी तसं म्हटलं तेव्हा आमच्या घरमालकीण इंदूमावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "घरमालकीन तं मी हाव. हा मालक कोन वं दुसरा?"

मालक बोलतात तेव्हा मी त्यांचे शब्द मोजते. एका दमात किती शब्द आले, कितव्यावर थांबले. ही सवय मला गेल्या वर्षी याच दिवसांत लागली. तेव्हा ते दोन शब्दांवर थांबत होते. "पाणी... दे." मग श्वास. "पंखा... नको." मग श्वास. आता बरं आहे. पाच होतात, कधी सहा. पण मळणीचे दिवस पुन्हा आले आहेत, आणि मी दिवसभर कान लावून बसते. भाजी चिरताना, भाकरी थापताना, आतून आवाज आला की बोटांवर अंगठा आपोआप फिरायला लागतो.

*

मी आटपाडीकडची. आठवीत असताना शाळा सुटली. त्या वर्षी आमच्याकडं विहिरींना पाणी नव्हतं, आई ऊसतोडीला गेली आणि धाकट्या दोघांना बघायला मी घरी राहिले. पुढच्या वर्षी परत बसवू म्हणाले होते. ते पुढचं वर्ष काही आलं नाही. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. कुठल्याही गावच्या सराफ गल्लीत जा, मागच्या एखाद्या अंधाऱ्या खोलीत भट्टीपुढं बसलेला आटपाडी-खानापूरकडचा माणूस सापडेल. जुने मोडीचे दागिने वितळवायचे, तेजाबात घालून त्यातलं शुद्ध सोनं वेगळं काढायचं, हे त्यांचं काम. मालक तसेच पोरवयात वाशीमला आले, आणि लग्नानंतर मी. रेल्वेतून उतरले तेव्हा मला इथली भाषा निम्मीच कळत होती.

आमचं घर म्हणजे दुकानाच्या मागची दीड खोली. पुढं भट्टी, मागं संसार. मधे एक पडदा.

लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी मी लवकर उठून, आईनं शिकवलं होतं तसं, घर झाडलं. पुढचं दुकानही झाडलं. केर सुपलीत भरला आणि दारातून गल्लीत फेकून दिला. मला वाटलं, नवी नवरी म्हणून कुणी कौतुक करेल. मालक तोंड धूत होते. तसेच ओल्या तोंडानं बाहेर धावले. "आगं काय केलंस हे! सोनं हाय त्यात!" आणि सगळ्या सराफ गल्लीच्या देखत गुडघ्यांवर बसून, हातातल्या ब्रशनं रस्ता झाडायला लागले. हो, दात घासायच्या ब्रशनं. समोरच्या दुकानातला माणूस हसत म्हणाला, "अशोकभाऊ, वयनीनं पयल्याच दिवशी दिवाळं काढलं वाट्टे तुमचं." मी पडद्याआड उभी राहून रडले. तो रस्त्याचा केर, माती, बिडीची थोटकं, सगळं सुपलीत भरून मालक आत आले आणि म्हणाले, "रडू नको. तुला कोण सांगणार होतं." ते मला कधी जोरात बोलल्याचं आठवत नाही. ती सकाळ तेवढी एक.

त्या दिवसापासून आमच्या घरातून केर बाहेर गेला नाही.

सांगितलं तर लोकांना खोटं वाटतं. पण गलाईच्या दुकानातली धूळ कुणी टाकत नाही. सोनं वितळताना, घासताना, ओतताना त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण उडतात आणि जमिनीवर बसतात, कपड्यांवर, केसांत, नखांत. म्हणून दुकानाची झाडलोट पोत्यात भरून ठेवायची. कामावरून उठल्यावर हात एकाच घमेल्यात धुवायचे, ते पाणी निवळू द्यायचं आणि तळाचा गाळ वाळवायचा. झिजलेल्या केरसुण्या, फाटकी पायपुसणी, बसायचं गोणपाट, मालकांचे जुने शर्टसुद्धा जाळून त्यांची राख ठेवायची. वर्षातून एकदा, दिवाळी उलटली की, एक न्यारेवाले चाचा येत. ती धूळ घेऊन जाऊन, भाजून, धुऊन त्यातलं सोनं काढणं हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. पण चाचा यायचे ते चांगली पोतीच न्यायचे. ज्यात फार काही नसेल ती, "पुढच्या साली बघू" म्हणून राहायची. ती पलंगाखाली सरकायची. त्यांच्यावर पुढच्या वर्षीची.

आमच्या घरात बादली कधी पालथी पडली नाही. तळाला काही ना काही बसलेलं असायचं.

मी त्यात हुशार झाले, हे कबूल करते. झाडू कसा दाबून मारायचा म्हणजे कण उडत नाहीत, फरशीच्या भेगेतून चिंधीनं धूळ कशी ओढून काढायची, सगळं मला येत होतं. चाचा एकदा मालकांना म्हणाले होते, "अशोकसेठ, तुमच्या घरवालीच्या हातचा केर लाखात एक." शाळेत मला कधी बक्षीस मिळालं नव्हतं. ते वाक्य मी कित्येक दिवस मनात धरून होते.

आता वाटतं, ज्या घरात धूळच टाकायची नाही तिथं दुसरं तरी काय टाकवणार? औषधांच्या रिकाम्या बाटल्या, लेक पल्लवीची बालवाडीपासूनची दप्तरं, बंद पडलेला मिक्सर, लग्नाचे आहेर बांधून आलेली कापडं, एकेक झाकण हरवलेले डबे, डबे हरवलेली झाकणं. दीड खोलीत आम्ही तिघं कडेकडेनं जगत होतो. मधली जागा वस्तूंची होती.

आणि पुढच्या खोलीतून, पडद्याखालून, तेजाबाचा पिवळा-तांबूस धूर यायचा. माझ्या डोळ्यांदेखत मालक त्यात एकवीस वर्षं बसले.

*

डॉक्टरांनी मालकांच्या छातीचा फोटो उजेडाला धरून बघितला आणि माझ्याकडं वळून विचारलं, "घरात धूळ असते का?"

मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "साहेब, धूळच असते."

त्यांनी भट्टी बंद करायला सांगितलं. फुप्फुसं जेवढी गेली तेवढी गेली, उरलेली सांभाळा म्हणाले. घर बदला, उघड्या हवेत जा. झाडू कमी, ओलं फडकं जास्त. अडगळ ठेवू नका, अडगळीत धूळ बसते. मोठे शब्द न वापरता, मला समजेल असं, दोनदा सांगितलं त्यांनी. मी आठवी शिकलेली बाई आहे हे त्यांना कसं कळलं कोण जाणे, पण त्यांनी मला तसं वाटू दिलं नाही. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

अशी आम्हाला गावाच्या कडेची ही जागा मिळाली. इंदूमावशी मूळच्या रिठद गावच्या. घरच्या शेतीचं अजून मुलगा बघतो, त्या वाशीमला एकट्या राहतात. पुढं त्यांचं घर, मागच्या दोन खोल्या आमच्या. खिडक्या चार. चार खिडक्या मी आयुष्यात एका घरात बघितल्या नव्हत्या. फक्त खिडक्यांच्या पलीकडं सोयाबीनचं रान आहे, हे भर पावसाळ्यात जागा बघताना लक्षात आलं नाही. तेव्हा ते सगळं हिरवंगार होतं आणि आम्ही तिघंही बघून खूश झालो.

सामान हलवलं ते घटस्थापनेच्या सुमारास. टेंपो दारात उभा, आणि पल्लवी दारात आडवी. माझी पोरगी वाशीमला जन्मली, वाशीमला शिकली, बोलते इथल्यासारखं. तेव्हा ती बारावीला होती. "आई, ते पोते नाई न्यायचे. डाक्टरनं काय सांगतलं?"

"चाचा दिवाळीनंतर येतील. तोवर राहू देत."

"अन् तोवर बाबानं काय करायचं? दम धरून बसायचं का?"

मालक टेंपोच्या फळीला टेकून उभे होते. पोत्यांकडं बघत होते फक्त. त्यांचं सगळं कामाचं आयुष्य त्या अकरा पोत्यांत होतं, तळाला बसलेलं. मला ते टाकवेना. मी पल्लवीला बाजूला केलं आणि हमालाला म्हटलं, "चढवा."

नव्या घरी पोती मागच्या ओसरीवर रचली. इंदूमावशी बघायला आल्या. "काहून वं सुनंदे, एवढं काय भरून आनलं?"

काय सांगणार? पहिल्याच दिवशी नव्या बाईला कसं सांगायचं की मी तुमच्या घरात अकरा पोती केर आणला आहे? तोंडातून निघून गेलं, "धान्य आहे, मावशी."

"बाप्पा! तिघं खानारे तुमी. एवढं कवा खासान?" पण त्यांच्या डोळ्यांत माझ्याविषयी आदर आला. भरल्या घराची बाई म्हणून.

*

पुढचं मी लिहीन की नाही असं बरेच दिवस वाटत होतं.

दसऱ्याला चार दिवस होते. मागच्या रानात पहिलं थ्रेशर लागलं होतं. सकाळचे अकरा वाजले असतील. मी आत डबे लावत होते, पल्लवी अभ्यास करत होती, मालक ओसरीच्या पायरीवर डोळे मिटून उन्हाला बसले होते. इंदूमावशींचं स्वतःचं वाळवण सुरूच होतं, अंगणात ताडपत्री टाकून त्या गावाहून आलेला गहू उन्हाला देत होत्या. त्यांना वाटलं, या पोरीचं धान्य बंद खोलीतून आलंय, कोंदट पडलं असेल. जाता जाता हिचंही एक पोतं दुसऱ्या ताडपत्रीवर ओतावं. मला हाक मारून म्हणाल्यासुद्धा, "सुनंदे, तुह्यावालं बी ऊन देते वं, नाई तं सोंडे लागतीन." आत डब्यांचा खडखडाट चालला होता. ऐकलं, पण अर्थ डोक्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला. तेवढ्यात सुतळी ओढल्याचा आवाज आला. तो आवाज मी हजारो वेळा ऐकलेला.

मी बाहेर आले तेव्हा पोतं उलटं झालेलं होतं. काळी, राखेसारखी धूळ ताडपत्रीवर पसरली होती आणि रानातून आलेल्या वाऱ्यानं ती उचलली होती. इंदूमावशी पदर तोंडावर धरून ओरडत होत्या, "मा माय! हे काय होय वं? राख भरून आनली का?"

आणि मालक धावले.

आत नाही धावले. धुळीकडं धावले. ताडपत्रीवर गुडघे टेकून दोन्ही हातांनी ते धूळ ओढायला लागले, छातीशी, मांडीखाली, जसं अंगणात पाऊस आल्यावर बाई वाळवण गोळा करते तसं. अंगावरची बंडी काढून तिच्यावर टाकली. मला वाटतं, त्यांना कळतही नव्हतं आपण काय करतोय ते. हात करत होते.

आणि मी? मी त्यांना धरून आत ओढायला हवं होतं. मी ताडपत्रीचं दुसरं टोक धरायला धावले. वारा आला तशी मी ते टोक दुमडलं, पायाखाली दाबलं, आणि "तिकडून धरा, तिकडून धरा" असं त्यांनाच ओरडून सांगितलं. ज्या माणसाच्या छातीसाठी घर सोडलं त्याला मी धूळ धरायला सांगत होते.

पल्लवी आतून श्वासाचा पंप घेऊन आली तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते. डोळे उघडे, तोंड उघडं, आणि आत काहीच जात नव्हतं. तिनं मला ढकललं. खरंच ढकललं. "सोड ते, आई! सोड!" तेव्हा माझ्या मुठी उघडल्या.

इंदूमावशींनी रस्त्यावरून ऑटो थांबवला. त्या वयात चपला न घालता पळाल्या. ऑटोत मालकांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, केसांत ती धूळ होती, आणि मला सांगायला लाज वाटते पण सांगते, त्या घडीलाही माझ्या बोटांनी त्यांच्या केसांतली धूळ पदरात झटकली. बाहेर नाही झटकली. पदरात.

सहा दिवस दवाखान्यात काढले. दसरा तिथंच झाला. कुणीतरी आपट्याचं पान उशाशी ठेवून गेलं. मी खाटेच्या लोखंडी कडेला टेकून मोजायला शिकले. दोन शब्द, श्वास. दोन शब्द, श्वास. एकदा पाणी मागताना तीन झाले तर मी नर्सबाईंना बोलावून सांगितलं. त्या हसल्या, पण त्यांनी कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

*

घरी परतलो तर अंगण शेणानं सारवलेलं. ताडपत्री धुऊन दोरीवर. सांडलेलं सगळं इंदूमावशींनी पाण्यानं बसवून, पुसून, पुन्हा त्याच पोत्यात भरून, तोंड बांधून, दूर गोठ्याच्या बंद खोलीत नेऊन ठेवलं होतं. बाकीची दहासुद्धा. त्यांना पल्लवीनं सगळं सांगितलं होतं. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर मला उठवून म्हणाल्या, "मले सांगतलं असतं तं मी काय खाल्लं असतं का तुले? धान्य म्हने! मी गावात सांगून बसली, भाडेकरीन मोठ्या घरची हाय म्हनून."

मी रडत होते. "हास वं आता," त्या म्हणाल्या. "मानूस वापस आनला तू."

मी नव्हता आणला.

मग घर लावायला घेतलं. खरं घर लावणं ते तेव्हा सुरू झालं. पल्लवी मोबाइलवर कुठल्या कुठल्या बायकांचे व्हिडिओ बघायची, पांढरी शुभ्र घरं, एकसारख्या बरण्या. मी म्हटलं, बाई, आपल्याला बरण्या नकोत, आपल्याला मोकळी जमीन पाहिजे. तिनं मला एकच नियम दिला: जमिनीवर काही ठेवायचं नाही. जे खाली आहे ते वर गेलं पाहिजे, वर जागा नसेल तर घराबाहेर. इंदूमावशींनी दुसरा दिला: सकाळी चहाच्या आधी ओलं फडकं, वरून खाली. आधी खिडकीची चौकट, मग फळी, मग जमीन. "चहा पेली का बसनं होते, अन् बसनं झालं का राहूनच जाते," असं त्या म्हणायच्या. खरंच आहे. अजूनही मी चहा आधी पिते त्या दिवशी खिडक्या राहतात.

वाचायला सोपं वाटतं. करताना हात दुखायचे ते कामानं नाही. दप्तरं काढली. दर दप्तराच्या तळाशी पेन्सिलींचे तुकडे. आहेराची कापडं गाठोड्यात बांधून इंदूमावशींच्या हाती रिठदला पाठवली, तिथं गोधडी शिवणाऱ्या बाया आहेत. मिक्सर गेला. बाटल्या गेल्या. झाकणं आणि डबे सगळे एका दुपारी जमिनीवर मांडून जुळवले, चार जोड्या जुळल्या, बाकी गेलं. रात्री मला झोपेत झाकणं दिसायची.

पल्लवीच्या वह्या मात्र मी ठेवल्या. अर्ध्या कोऱ्या होत्या. तिनं रद्दीत घातल्या होत्या. मी कोरी पानं फाडून सुई-दोऱ्यानं शिवली. हे मी त्यांच्यावरच लिहिते आहे. शाळा सुटल्यावर मी एवढं सलग कधी लिहिलं नव्हतं. पल्लवी वाचून चुका काढते आणि म्हणते, "आई, एवढं चांगलं लिहितेस, तं मंग शाळा काहून सोडली?" मी म्हणते, मी नाही सोडली गं.

आणि एक सांगायचं राहिलं. सगळं शिकत असताना माझी एक चोरी सुरूच होती. नव्या घरात मी रोज जो केर काढायचे तो मी टाकत नव्हते. न्हाणीच्या मागं तेलाचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता, त्यात भरत होते. ठरवून नाही. सुपली उचलली की पाय तिकडं वळायचे. या घरात सोनं कधी वितळलं नव्हतं, हे मला माहीत होतं. महिना-दीड महिना असं चाललं. एक दिवस इंदूमावशी मागं पाणी तापवायला आल्या आणि त्यांनी झाकण उघडलं.

त्यांनी डबा हलवून बघितला. मग म्हणाल्या, "आता हे बी धान्यच होय का?"

आम्ही दोघी तिथंच खाली बसलो आणि इतक्या हसलो की मालक बघायला बाहेर आले. त्यांनी डब्यात बघितलं. माझ्याकडं बघितलं. ते हसले नाहीत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही, त्यांनीही तसंच केलं असतं.

*

दिवाळी उलटल्यावर चाचा आले. सराफ गल्लीत कुलूप बघून, पत्ता विचारत विचारत आले. पांढरी दाढी, सायकलला बांधलेली रिकामी पोती. मालकांना बघून त्यांनी सायकल तशीच सोडून दिली. "अशोकसेठ, हे काय हाल करून घेतले?" बोलता बोलता त्यांनाही खोकला आला. बराच वेळ आला. दोघं पायरीवर बसून एकमेकांचा खोकला थांबायची वाट बघत राहिले. चाचा म्हणाले, "मी तोंडाले ओला रुमाल बांधतो. तरी जाते आत. धंदाच तसा आहे, क्या करें."

चाचांनी छोटा हत्ती टेंपो भाड्यानं मागवला आणि गोठ्यातली अकराही पोती त्या दिवशी त्यातून गेली. या वेळी त्यांनी "पुढच्या साली" म्हटलं नाही. मालक फाटकापर्यंत गेले नाहीत, पायरीवरूनच बघत होते. छोटा हत्ती गल्लीच्या वळणावर दिसेनासा झाला तरी बघत होते.

चाचा मागून सायकलवर निघाले तेव्हा मी त्यांना तो तेलाचा डबा दाखवला. का दाखवला, माहीत नाही. त्यांनी चिमूट घेतली, तळहातावर चोळली, उन्हात तिरकी धरली. मग हात झटकला आणि म्हणाले, "बेटी, ये तो घर का कचरा है."

एवढंच. पण मला एकदम रडू आलं. वाईट वाटून आलं असं नाही. एकवीस वर्षांत माझ्या घरात साधा कचरा पहिल्यांदा झाला होता.

तो डबा मी त्याच दिवशी रिकामा केला असं सांगितलं तर खोटं होईल. आठ दिवस लागले.

*

तर हे असं. पुन्हा तेच दिवस आले आहेत. थ्रेशर काल लागलं, आज दुसरा दिवस. सकाळपासून तिसऱ्यांदा चादरी भिजवल्या. पाय दुखतात, पाठ दुखते, आणि अजून रानात कितीतरी सुड्या उभ्या आहेत. मालक आता सकाळचे तीन तास ओळखीच्या एका सराफाकडं बसतात, गिऱ्हाइकाला दागिने दाखवतात. मळणी असेपर्यंत जाऊ नका म्हणून मीच थांबवलं आहे. दुपारी ते फार बोलले नाहीत. बोलत नाहीत तेव्हा मोजता येत नाही, मग मी त्यांच्या छातीकडं बघत बसते. पल्लवी कॉलेजला जाताना म्हणाली, "आई, तू बाबाकडं असं पाहू नको नं. त्यायले बी भेव वाटते."

मघाशी जमीन पुसून झाली. बादलीतलं पाणी गढूळ झालेलं, वर कुटाराचे पिवळे कण तरंगत होते. खिडकीतून उन्हाची तिरीप त्या पाण्यावर पडली आणि सगळं क्षणभर लखलखलं. मी उभीच राहिले. एवढ्या दिवसांनी, एवढं सगळं होऊन, माझा हात त्या बादलीवर थांबला. निवळू द्यावं का, असं वाटून गेलं. एका बाजूला ठेवावं का.

मालक कधी उठले ते कळलं नाही. त्यांनी माझ्या हातातून बादली घेतली. मी "जड आहे, राहू द्या" म्हणेपर्यंत ते दाराशी पोहोचले. तिथं त्यांनीही पाण्यात बघितलं. किती वेळ बघितलं. भट्टीपुढं सोनं वितळायच्या मुशीत बघायचे तसं, मान तिरकी करून. थ्रेशर सुरूच होतं. मला वाटलं, आता ते बादली खाली ठेवतील आणि मी काही म्हणणार नाही.

पायऱ्या उतरून ते अंगणात गेले. कण्हेरीच्या बुंध्याशी पाणी पडल्याचा आवाज आला. परत आले ते पायऱ्या चढून, भिंतीला हात न लावता.

"आता काय बघतीस, कुटाराचं पाणी हुतं, कण्हेरीला घातलं."

आठ शब्द. मधे कुठंच थांबले नाहीत.

मी बादली घेतली आणि न्हाणीत नेऊन पालथी घातली.